चाकांचा कल

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मोटारीच्या चाकांविषयी लेख पाहून कोणी म्हणेल, "हे आय.टी.आय.च्या अंकात शोभले असते." म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु अमरावती-अकोल्याकडे गाडी 'उचलून घेण्याची' जी पद्धत पडली आहे, तिचा फटका प्राध्यापकापासून कास्तकारापर्यंत अनेकांस बसतो. आणि बसल्यावरही तो कशाने बसला हे पुष्कळांना उमगत नाही. मलाही उमगले नव्हते. मी भाषेचा माणूस, यंत्राचा नव्हे. जे चार पैसे खर्चून शिकलो ते येथे मांडतो. कलेच्या अंकात 'कल' एवढाच काय तो विषयाचा संबंध!

गाडी उचलण्याचे कारण आपल्या जमिनीतच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते व तिला हातभर खोल भेगा पडतात. पांदणीतून आषाढात ट्रॅक्टर गेला की दोन्ही बाजूंस खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा राहतो. दिवाळीनंतर तोच उंचवटा वाळून दगडासारखा होतो. बंडीला त्याचे सोयरसुतक नसते, कारण बंडीचा कणा जमिनीपासून चांगला उंच. पण शहरातल्या लहान मोटारीचे पोट त्यावर घासते, आणि एखादे दिवशी तेलाची टाकीच फुटते. मग मालक गॅरेजमध्ये जातो व म्हणतो, "थोडी उचलून द्या."

उचलण्याचे मार्ग तीन. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे तुकडे बसवणे हा सर्वांत स्वस्त; जंपरच्या डोक्यावर धातूची वा कठीण रबराची चकती, म्हणजे स्पेसर, बसवणे हा दुसरा; आणि मूळ स्प्रिंग व जंपर काढून बाजारात मिळणारा उंच जोड बसवणे हा तिसरा व महागडा. पहिल्याविषयी माझे मत वाईट आहे. रबराने जी वेटोळी अडतात ती आपले काम सोडून देतात, सगळा ताण उरलेल्या वेटोळ्यांवर पडतो आणि गाडी खडखडीत चालते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत चालण्यातला हा दोष तितका नसला तरी चाकांच्या बाबतीत तिन्ही मार्ग एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

मी स्पेसर बसवून घेतले, चाळीस मिलिमीटरचे. गाडी ऐटबाज दिसू लागली. पांदण पार पडू लागली. मिस्त्रीला मी भीत भीत विचारले, "अलाइनमेंट वगैरे?" तो म्हणाला, "सर, गाडी सरळ चालून राह्यली ना? मंग बस!" गाडी सरळ चालत होती हे खरे. सहा महिन्यांनी, मे महिन्याच्या टळटळीत दुपारी, अकोल्याकडे जाताना मागच्या चाकात खिळा शिरला. पंक्चर काढणाऱ्या पोराची नजर सहज पुढच्या चाकावर गेली. त्याने टायरच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवले व मला बोलावून दाखवले. आतल्या बाजूची नक्षी नव्यासारखी होती. बाहेरच्या दोन बोटांच्या पट्ट्यात मात्र रबर संपून तार डोकावत होती. गाडीत मुले होती. आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंश ओलांडण्याची अकोल्याच्या पाऱ्याला सवयच आहे. त्या तापलेल्या डांबरावर ती कड आणखी किती टिकली असती, याचा हिशेब मी त्या दिवशी केला नाही.

हे घडले ते 'कॅम्बर' बिघडल्यामुळे. गाडीच्या समोर उभे राहून पुढच्या चाकाकडे पाहावे. चाक ओळंब्यात असेल, म्हणजे भिंतीसारखे सरळ उभे असेल, तर कॅम्बर शून्य. चाकाचे डोके आत, गाडीकडे, झुकले असेल तर कॅम्बर उणे. डोके बाहेर व पाय आत असतील तर अधिक. हा झुकाव अंशांत मोजतात आणि बहुतेक मोटारींत तो एका अंशाच्या आत-बाहेर असतो, त्यामुळे डोळ्यांस सहसा दिसत नाही.

गंमत अशी की 'कॅम्बर' हा शब्द रस्ते बांधणारेही वापरतात. त्याचा मूळ अर्थ कमानीसारखा बाक. पावसाचे पाणी साचू नये म्हणून रस्ता मध्ये किंचित उंच व कडांना उतरता, कासवाच्या पाठीसारखा, करतात. त्या उताराला रस्त्याचा कॅम्बर म्हणतात. डांबरी रस्त्यास तो साधारण दोन टक्के, म्हणजे मीटरभर रुंदीस दोन सेंटिमीटर एवढा ठेवतात. याच अमरावती-अकोला महामार्गावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत लोणीपासून मान्यापर्यंत एका मार्गिकेचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला व त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधील सुमारे २५ किलोमीटरचा होता. विक्रमाचा आपल्याला अभिमान आहेच. पण विक्रमी रस्ता सोडून वावराकडे वळले की पहिल्याच फर्लांगात जुनी पांदण आडवी येते. गाड्या उचलल्या जातात त्या महामार्गासाठी नव्हे, त्या फर्लांगासाठी.

चाक झुकते ठेवण्याची कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी एफ. आर. लीव्हिस यांचे नाव ऐकलेले असते. लीव्हिस व डेनिस थॉम्पसन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या 'कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट' या पुस्तकात जॉर्ज स्टर्ट या लेखकाचा गौरवाने आधार घेतला आहे. हा स्टर्ट मूळचा गाडीचाके बनवणारा. इंग्लंडात फार्नहॅम गावी वडिलांचे दुकान त्याने १८८४ मध्ये हाती घेतले व त्या अनुभवांवर 'द व्हीलराइट्स शॉप' हे पुस्तक १९२३ साली प्रसिद्ध केले. तिकडची गाडीचाके सपाट नसत. बशीसारखी किंचित खोलगट असत व खोलगट बाजू बाहेर येई. असे का, हे स्टर्टला आरंभी ठाऊक नव्हते. पुढे त्याच्या ध्यानात आले की घोडा चालताना डावी-उजवीकडे डुलतो आणि प्रत्येक पावलागणिक गाडीचा भार चाकाच्या तुंब्याला बाजूला रेटतो. सपाट चाकाचे आरे त्या रेट्याने सैल झाले असते. बशीच्या आकाराचे चाक तो रेटा झेलते. मग भार पेलणारा खालचा आरा सरळ उभा राहावा म्हणून आसाचे टोक थोडे खाली वाकवत. साहजिकच चाकाचे डोके बाहेर झुके. हाच आजच्या भाषेतला 'अधिक' कॅम्बर. प्रारंभीच्या मोटारींनीही तो उचलला; त्याने सुकाणू हलके फिरे. नंतर रस्ते गुळगुळीत झाले, वेग वाढला, टायर रुंद झाले, आणि कारखानदार शून्याकडे वा किंचित उण्याकडे सरकले. वळणावर गाडी बाहेरच्या अंगास कलते, त्या वेळी उणे कॅम्बर असलेले बाहेरचे चाक जवळजवळ सरळ उभे राहून जमीन पूर्ण पकडते.

आता गाडी उचलल्यावर नेमके काय होते ते पाहू. वाचकांनी दोन मिनिटे धीर धरावा.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढचे चाक दोन गोष्टींनी धरलेले असते. वरून जंपर व स्प्रिंग यांचा एकत्र खांब उतरतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने तो ओळखला जातो. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० लाही पुढे हीच रचना होती आणि तिच्याबरोबरच ती आपल्या गल्लीबोळांत पसरली. खाली एक आडवा हात असतो. गॅरेजवाले त्याला 'लोअर आर्म' म्हणतात. हा हात आतल्या टोकाला बिजागरीवर फिरतो व बाहेरच्या टोकाला चाकाचा पाय धरतो.

दाराची फळी जशी बिजागरीभोवती फिरते तसा हा हात वर-खाली वर्तुळात फिरतो. तो आडवा असतो तेव्हा त्याचे टोक सर्वांत बाहेर पोचते. गाडीचे अंग वर उचलले की हात खाली कलतो आणि टोक आत ओढले जाते. खांबाचे डोके जागेवर, पाय आत; म्हणजे चाकाचे डोके बाहेर झुकले. कॅम्बर अधिकाकडे गेला. उदाहरणादाखल हात ३५० मिलिमीटर लांब व त्याचे टोक मुळात २० मिलिमीटर खाली आहे असे धरू. गाडी ४० मिलिमीटर उचलली तर टोक ६० मिलिमीटर खाली जाते व साध्या पायथागोरसाने हिशेब केला तर सुमारे साडेचार मिलिमीटर आत सरकते. खांबाची नेहमीची लांबी व तिरकसपणा धरून चाकाचा झुकाव यातून जवळजवळ एक अंशाने बदलतो. कारखान्याने शून्याच्या आसपास ठेवलेले चाक एक अंश बाहेर झुकून चालू लागते, टायरचा भार बाहेरच्या कडेवर येतो आणि ती कड झिजते. गाडी खाली बसवणाऱ्या शौकिनांचे नेमके उलटे होते. त्यांची आतली कड जाते, व ती तर वाकून पाहिल्याशिवाय दिसतही नाही.

येथे जुन्या मंडळींचा एक युक्तिवाद ऐकू येतो: "आम्ही जीपला पाटे वाढवून कित्येक वर्षे चालवली, टायरला काही झाले नाही." खरे आहे. त्या जुन्या जीपला पुढेही अखंड आस होता. दोन्ही चाके एकाच लोखंडी दांड्याच्या दोन टोकांना, बंडीप्रमाणे. पाट्यांवरून अंग कितीही उचलले तरी आस जमिनीशी समांतरच राहतो व चाकांचा कल बदलत नाही. आजच्या अनेक लहान मोटारींची मागची चाकेही एका जोडतुळईवर असतात, म्हणून त्यांचा कॅम्बर उचलण्याने फारसा हलत नाही. रोग आहे तो पुढच्या, सुट्या बसवलेल्या चाकांचा.

'सरळ चालते' या प्रमाणपत्राला अर्थ का नाही, हेही पाहण्यासारखे आहे. तोंडाशी रुंद व बुडाशी निमुळता असा स्टीलचा पेला फरशीवर आडवा करून ढकलला तर तो सरळ जात नाही. निमुळत्या बाजूस वळून गोल फिरतो. झुकलेले चाक त्या पेल्यासारखे वागते व ज्या बाजूस झुकले तिकडे जाऊ पाहते. डावे चाक डावीकडे, उजवे उजवीकडे. दोघांचा झुकाव सारखा असेल तर ओढ परस्परांत फिटते आणि गाडी सरळ जाते. टायर मात्र मुकाट्याने झिजत राहतात. गाडी एका बाजूस ओढू लागते ती दोन चाकांत फरक पडला म्हणजे. साधारण अर्ध्या अंशाचा फरकही हाताला जाणवतो. माझे दोन्ही स्पेसर प्रामाणिकपणे सारखे होते, म्हणून तर तक्रार करायला जागा राहिली नाही.

कॅम्बरच्या जोडीला आणखी एक कोन बिघडतो, व टायर खाण्यात तो थोरला भाऊ आहे. त्याचे नाव 'टो'. गाडीकडे वरून, गच्चीवरून पाहिले असता पुढच्या चाकांची तोंडे एकमेकांकडे आहेत, समांतर आहेत की फाकलेली आहेत, हा टोचा प्रश्न. सुकाणूच्या दांड्याही, म्हणजे 'टाय रॉड', गाडी उचलल्यावर खाली कलतात व चाक फिरवतात. कुठे आत, कुठे बाहेर, ते गाडीच्या रचनेवर. समजा, ३५० मिलिमीटरच्या अंतरात एका चाकाची दिशा ३ मिलिमीटरने चुकली. अर्ध्या अंशाचाही प्रकार नाही. पण अमरावतीहून अकोल्यास शंभरेक किलोमीटर जाईपर्यंत ते चाक सुमारे साडेआठशे मीटर आडवे फरफटत गेलेले असते! खोडरबर कागदावर साडेआठशे मीटर घासावे, तसे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलवला की टो आपोआप हलतो. टो फिरवल्याने कॅम्बर फारसा बदलत नाही. आणि येथेच आपली फसगत होते, कारण अनेक लहान गाड्यांत कारखान्याने कॅम्बर बदलण्याची सोयच ठेवलेली नसते. अलाइनमेंटच्या दुकानात पडद्यावर आकडे येतात, टो हिरवा होतो, पैसे घेतले जातात आणि कॅम्बरचा आकडा लालच्या लाल राहतो. दुकानदाराचा त्यात दोष नाही. त्याला जे फिरवता येते ते त्याने फिरवले. दोष आपला, की आपण छापील कागद मागत नाही. गाडी उचलण्यापूर्वीचा कागद व नंतरचा कागद, दोन्ही मागावेत.

कागद नसेल तर घरीही मोजता येते. गवंड्याचा ओळंबा व स्टीलची पट्टी पुरे. जागा सपाट हवी. पाणसळ ठेवून खात्री करावी. चारही चाकांत सांगितल्याइतकी हवा भरावी, सुकाणू सरळ ठेवावे, आणि गाडी हाताने दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून स्प्रिंगांना बसू द्यावे. मग टायरच्या फुगवट्यास दोरी लागणार नाही अशा बेताने चाकाच्या बाहेर ओळंबा सोडावा व दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचे आणि खालच्या कडेचे अंतर मोजावे. वरचे अंतर अधिक भरले तर डोके आत, कॅम्बर उणे. खालचे अधिक भरले तर कॅम्बर अधिक. दोन मापांच्या ठिकाणांमधील उंची ३५० मिलिमीटर असेल तर ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक अंश, ३ म्हणजे अर्धा. दुसऱ्या रिमसाठी फरकाला उंचीने भागून ५७ ने गुणावे. रिमच वाकडी असण्याचा संभव असतो, तेव्हा चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे व सरासरी घ्यावी. माझ्या गाडीचा फरक डावीकडे ६ व उजवीकडे साडेपाच मिलिमीटर भरला.

दुरुस्तीसाठी बाजारात 'कॅम्बर बोल्ट' मिळतात. जंपरचा खांब चाकाच्या गाभ्याला सहसा दोन बोल्टांनी जखडलेला असतो. त्यांपैकी एक काढून त्याजागी विकेंद्री, म्हणजे पोटाशी एका अंगाला फुगीर असलेला बोल्ट घालतात. तो फिरवला की चाकाचे डोके आत-बाहेर सरकते. साधारण एक ते दीड अंशाची दुरुस्ती होते. बोल्ट गाडीच्या मापाचाच हवा, सांगितलेल्या बळाने आवळायला हवा, आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला हवा. काही ठिकाणी मूळ भोक कानशीने लांबट करून काम भागवतात. कुशल माणसाने, योग्य वॉशर घालून केले तर चालते असे सांगणारे भेटतात. मी मात्र माझ्या गाडीत करू देणार नाही. चाक ज्यावर लटकले आहे त्या जागी 'भागवणे' मला पटत नाही.

आणखी दोन बारीक गोष्टी, ज्यांत घाईने घोटाळा होतो. नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडी बसते, म्हणून अंतिम मोजणी त्यानंतर करावी. दुसरे, आडव्या हाताच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावर आवळावेत. नाहीतर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते व लवकर फाटते. आणि मोजताना गाडी नेहमीच्या भारानिशी असावी. मागे तुरीची दोन पोती घेऊन रोज जाणाऱ्याने रिकाम्या गाडीचे माप घेऊन काय उपयोग?

कॅम्बर सुधारला म्हणजे सर्व सुधारले असे नव्हे. उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो. चिखलदऱ्याच्या घाटात उचललेली गाडी वळणावर अधिक कलते, आणि त्यात पुढचे बाहेरचे चाक आधीच बाहेर झुकलेले असेल तर ते टायरच्या कडेवर उभे राहते. सुकाणू फिरवूनही गाडी रुंद जाते. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांचे सांधे तिरपे चालतात व त्यांची रबरी टोपणे फाटू लागतात. ब्रेकची नळी ताणली जाते की नाही हेही पाहिले पाहिजे. कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील व कारखान्याने ठरवलेला मूळ तपशील यांत तफावत पडेल असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कडक अर्थ लावला. आपले काम त्यात कुठवर बसते हे परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे आधी विचारलेले बरे. अपघातानंतर विचारण्याचा तो विषय नव्हे.

टायरची तपासणी मात्र कोणालाही, कोणत्याही दिवशी करता येते. नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले म्हणजे १.६ मिलिमीटर उरले, व मोटारीस त्याखाली जाण्याची परवानगी नाही. परंतु बहुतेक लोक मधलीच खोबण पाहतात. तळहात टायरवर आडवा, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत फिरवावा. एक कड गुळगुळीत लागली तर कॅम्बर. एका दिशेने मऊ व उलट फिरवताना करवतीसारखी दातेरी लागली तर टो. यास पैसे पडत नाहीत, फक्त हात काळे होतात.

माझ्या गाडीचे पुढे असे झाले. चाळीसचे स्पेसर काढून वीसचे बसवले, कॅम्बर बोल्ट घातले, पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजले. ओळंब्याचा फरक दोन्हीकडे एक मिलिमीटरवर आला. मग टो ठीक करून घेतला व छापील कागद मागून घेतला. दुकानातल्या मुलाने तो जरा आश्चर्यानेच दिला. नवे पुढचे टायर वर्षभरानंतरही कडेपासून कडेपर्यंत सारखे आहेत. पांदणीतला उंचवटा अर्थात होता तेवढाच आहे आणि वीस मिलिमीटरांत तो पार होत नाही. म्हणून पांदणीच्या तोंडाशी बाभळीखाली गाडी उभी करतो आणि वावरापर्यंतचा उरलेला अर्धा मैल पायी जातो.